बिननावाचं भांडं

इकडं ये जरा. असं फोनच्या पलीकडं उभं राहून बोलू नकोस. जवळ ये, बस माझ्यापाशी. एवढा पुण्यात नोकरी करणारा तू, ऑफिसात लोक तुला साहेब म्हणतात, आणि परवा आईला फोन करून विचारतोस काय, तर "आई, घरी टीव्हीला जोडायला कॉम्प्युटर घेतोय. गाणी, पिक्चर, फोटो सगळं त्यातच ठेवायचं. हार्ड डिस्क केवढी घेऊ?" अरे, हे मला विचारतोस? पाटोद्याच्या भांडेवालीला? तुला काय ते कळत नाही होय? चांगलं कळतं. तुला विचारायचं होतं एक आणि विचारलंस भलतंच. तुझ्या बाबांचीही हीच खोड. मी रुसून बसले की दुकानातनं उठून घरात यायचे आणि विचारायचे, "मीठ हाय का गं घरात?" माणसाला मिठाशी काय देणंघेणं होतं?

मी म्हणाले, "घे तुझ्या मनानं," आणि फोन ठेवला. ठेवल्यावर वाटलं, तोडून बोललो आपण. पोरगं दोन दिवाळ्या घरी आलेलं नाही, रविवारी तेवढा फोन करतं, आणि आपण असं बोलायचं? म्हणून हे लिहायला बसले. वेडंवाकडं लिहिलंय म्हणून हसू नकोस. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षरं शिकले ती भांड्यांवर. तुझे बाबा खडूनं तांब्याच्या पोटावर अक्षर काढून द्यायचे आणि मी त्याच्यावरनं नावं घालायच्या मशीनची सुई फिरवायची. घर्र घर्र आवाज व्हायचा, हाताला मुंग्या यायच्या, आणि ठिपक्याठिपक्यांनी कुणाच्या तरी लेकीचं नाव उमटायचं. लग्नसराईत आजूबाजूच्या गावांची किती रुखवतं माझ्या हाताखालनं गेली त्याला मोजदाद नाही. अजूनही कागदावर लिहिताना माझी ओळ वाकडी वळते. तांब्याच्या पोटावर वळायची सवय, दुसरं काय.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगणार आहे. मध्ये अडवू नकोस. म्हाताऱ्या माणसाचं असंच असतं, सुरुवातीपासनं धरल्याशिवाय पुढचं आठवत नाही.

दुकानात गिऱ्हाईक आलं आणि "पातेलं दाखवा" म्हणालं, की तुझे बाबा पातेलं काढायचेच नाहीत आधी. ते विचारायचे, "घरात माणसं किती?" गिऱ्हाईक सांगायचं, आम्ही अमुक. की ह्यांचा दुसरा प्रश्न, "आनि येनारी किती?" म्हणजे सून येणार आहे का, कुणाला दिवस गेलेत का, म्हातारे आईबाप गावाकडनं राहायला येणार आहेत का. मग सगळं ऐकून घेऊन एक पातेलं काढायचे आणि तेच बरोबर असायचं. नवी बाई कुरकुरायची, "लई मोठं हाय वो शेटजी." हे म्हणायचे, "न्या. लहान भांडं लवकर रडवतं."

आणि भांडं हातात देताना कधी रिकामं दिलं नाही. गल्ल्याजवळ साखरेचा डबा असायचा. कळशी असो, डबा असो, चिमूटभर साखर आत टाकायची, वर झाकण, आणि म्हणायचं, "भरलेलं ऱ्हाऊ द्या." खरंतर त्या साखरेनं दुकानात मुंग्यांचा सुळसुळाट. मी किती वैतागायचे! पण रिकामं भांडं कुणाच्या घरात जाऊ द्यायचं नाही म्हणजे नाही.

मोडीचंही असंच. लोक जुनं पितळ-तांबं आणायचे, ते देऊन नवं स्टील न्यायचे. त्या वर्षांत तर सगळं गाव पितळ मोडीत घालायला निघालं होतं. स्टील आलं, स्टीलच्या पाठोपाठ प्लास्टिक दारात येऊन उभं राहिलं, घरोघर केबल आली, एसटी स्टँडजवळ पिवळ्या पाटीचे फोन झाले. कुणाला जुनं नको होतं. पण तुझे बाबा मोडीचं भांडं तराजूत टाकायच्या आधी त्याच्या आत हात घालून तळापासनं फिरवायचे. "काय बघायलात शेटजी, सोनं लागतंय का?" म्हणून बाया थट्टा करायच्या. एकदा एका म्हातारीच्या हंड्यात तळाला राखेत चिकटलेली चांदीची जोडवी निघाली. म्हातारीला वाटत होतं, हरवली. ह्यांनी ती काढून तिच्या ओंजळीत ठेवली, तर ती भर दुकानात रडायला लागली. तिच्या मेलेल्या सुनेची होती ती. तेव्हापासनं मीही हात घालायला शिकले.

आता कॉम्प्युटरचं ऐक.

तू औरंगाबादेला होस्टेलवर होतास. ह्यांना पिक्चरचं भारी वेड. पण आपल्याकडं वीज कधी जाईल नेम नाही, आणि ह्यांचं नशीब असं की पिक्चर रंगात आला की अंधार. किती पिक्चर त्यांनी शेवटाशिवाय बघितले! मला विचारायचे, "मंग त्या पोरीचं लग्न झालं असंल का गं?" मी म्हणायची, "मला काय ठाऊक? मी काय तिची मावशी?" तर कुणीतरी सांगितलं, कॉम्प्युटर घेतला तर पिक्चर त्यात भरून ठेवता येतो, पाहिजे तेव्हा पुढं बघावा. गाण्याच्या कॅसेटींची रीळ गुंतायची, तीही कटकट नाही. ह्यांचे गुडघे धरले होते, कॅसेट पालटायला उठायलाही नको वाटायचं. झालं, डोक्यात बसलं. वीज गेली की कॉम्प्युटरही बंद पडतो, हे त्यांना तो घरी आणल्यावर कळलं! मी पदर तोंडाला लावून इतकी हसले, इतकी हसले. मग बॅटरी आणावी लागली.

बीडला उस्तादांकडं घ्यायचं ठरलं. तुझे उस्तादचाचा रे, आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडायला लागले. ह्यांची दोस्ती जुनी. आपल्या पहिल्या रेडिओपासनंची. तुला फोनवर विचारलं तर तू म्हणालास, "बाबा, आठ जीबीची डिस्क पुरे, एवढ्यात काय भरणार आहे?" सकाळच्या एसटीनं निघताना मी दारात म्हणाले, "अहो, नवी वस्तू, रिकामी आणू नका बरं." ती त्यांचीच शिकवण, मी आपली त्यांना परत दिली.

दुकानात काय झालं ते मी पाहिलेलं नाही. पण ह्यांनी ते इतक्या वेळा सांगितलं, आणि पुढं उस्तादांनीही सांगितलं, की मी तिथंच होते असं वाटतं.

उस्तादांनी विचारलं, "शेटजी, आठ लगाऊं क्या बीस?"

हे म्हणाले, "घरात मानसं किती ते तर इचार."

"अरे शेटजी, इसमें आदमी थोडीच भरते! गाने भरते, पिच्चर भरते."

"मंग गाणी कुणी ऐकायची? भुतानं?"

उस्ताद हसून हसून बेजार. हे गंभीर. म्हणाले, आत्ता दोघं. पोरगं शिकायला हाय. पुढं सून, मग लेकरं. वीसच लाव. उस्ताद म्हणाले, "तुमने लडके की शादी अब्बी से कर दी!" लावली विसाची.

मग सगळं जोडून झाल्यावर ह्यांनी खिशातनं साखरेची पुडी काढली. "ह्याचं झाकन काड. चिमूटभर टाकतो आत."

उस्तादांनी दोन्ही हात जोडले. "नक्को शेटजी, नक्को! मुंग्या जाते अंदर, शॉट होता. खानदान में किसीने कंप्यूटर को साखर नहीं खिलाई."

"पर खाली न्हाई नेनार मी. घरातनं सांगितलंय."

उस्तादांनी जरा विचार केला. मग एक छोटा माईक काढला, वायर जोडली आणि ह्यांच्यासमोर धरला. "साखर नक्को. आवाज डालो. तुम्हारा आवाज जाता अंदर, फिर खाली कैसा?"

ते ह्यांना पटलं. बघ, साखरेच्या जागी आवाज, आणि पटलं! त्या माइकात बोलले काहीतरी. बोलून झाल्यावर उस्तादांनी विचारलं, "इसको नाम क्या डालूं?" हे म्हणाले, "घरच्या भांड्याला कावून नाव? ते कुटं जायलंय?"

हे तुला ठाऊक आहेच, आपल्या घरातल्या एकाही भांड्यावर नाव नाही. सगळ्या तालुक्याच्या भांड्यांवर मी नावं घातली, लग्नाकार्यात दुसऱ्याच्या घरी गेलेलं भांडं नावावरनं परत येतं म्हणून. पण भांडेवाल्याच्या घरचं भांडं बिननावाचं. आपलं ते आपल्याला ओळखू येतं, अशी त्यांची ऐट. तर त्या आवाजालाही नाव पडलं नाही. कॉम्प्युटरनं आपल्या मनानं काहीतरी अक्षर-आकडा लावून घेतला असेल तेवढाच.

संध्याकाळी खोकं घरात आलं. मी कुंकू लावलं, तुकडा ओवाळून टाकला. हे म्हणाले, "रिकामं न्हाई आनलं," आणि उस्तादांनी शिकवल्याप्रमाणं चाचपडत ते दाबलं, तर आतनं हेच बोलायला लागले! मी दचकून ह्यांच्याकडं बघते तर हे तोंड मिटून बसलेले, डोळ्यांत मिस्किली. मी म्हणाले, "अगं बाई, एक तोंड पुरत न्हवतं म्हणून दुसरं आनलंत?"

तीन-चार वर्षं ह्यांनी चालवला तो कॉम्प्युटर. समोरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, मी विणलेल्या रुमालाखाली. त्यात ह्यांनी गाणी भरली, पिक्चर भरले, तू पाठवलेले फोटो भरले. पिक्चरचे शेवट बघितले. पण मला एकदा म्हणाले, "शेवट न्हवता बघितला तेच बरं होतं गं. आपल्या मनानं चांगला तरी व्हायचा."

मग ती सकाळ. ती तू येऊन बघितलीस, तिचं मी लिहीत नाही. शटर निम्म्यावर वर गेलं होतं आणि निम्मं तसंच राहिलं, एवढंच लिहिते. साखरेचा डबा शेजाऱ्यांनी घरात आणून दिला. झाकण उघडंच होतं.

दहावं, तेरावं झालं. माणसं आली, माणसं गेली. तूही गेलास, जावंच लागणार, नोकरी नवी होती. मी एकटी. आणि एके दुपारी जेवण झाल्यावर त्या रुमालाकडं बघत बसले होते, तर आठवलं. उठले. कसं दाबायचं ते बघून बघून पाठ झालं होतं. दाबलं. बोलले.

त्यानंतर रोजची दुपार माझी तीच. तुला कधी सांगितलं नाही. लाज वाटायची रे. नवरा बायकोशी घरात जसं बोलतो तसं बोललेलं ते, दोन घोटांचं बोलणं, ते काय पोराला ऐकवायचं? मला वाटायचं, हे माझं आहे. कपाटात ठेवायचीही गरज नाही, पाहिजे तेव्हा दाबलं की आहेच. आणि एक सांगू? त्याच्यामुळं मी ह्यांना गेलेलं म्हणत नव्हते. बीडला गेलेत, संध्याकाळच्या एसटीनं येतील, असंच त्या आवाजात होतं. रोज दुपारी ते बीडला असायचे. रोज निघालेले असायचे.

मग तो कॉम्प्युटर रेंगाळायला लागला. पिक्चर अडखळायचे. तुला पहिली दांडगी पगारवाढ मिळाली होती, तू म्हणालास, "आई, यंदा त्याला मोठी डिस्क टाकू. ऐंशीची घेतो. बाबांची सगळी गाणी राहतील आणि वर जागाच जागा." किती हौसेनं म्हणालास! नवरात्रात येऊन जुनी डिस्क काढलीस, टॉवेलात गुंडाळलीस, लेकराला न्यावं तशी बॅगेत घातलीस. मला विचारलंस, "यातलं काय काय ठेवायचं?" मी म्हणाले, "सगळं." तू म्हणालास, "सगळंच ठेवतो." तू खोटं बोलला नाहीस. तुला दिसलं ते सगळं तू ठेवलंस. गाण्यांचा कप्पा, पिक्चरचा कप्पा, फोटोंचा कप्पा, एकूण एक. ज्याच्यावर नाव होतं ते सगळं नव्या भांड्यात आलं. आणि जुनी डिस्क पुण्यातल्या दुकानात मोडीत घातलीस. जुनं देऊन नवं घ्यायचं, तू भांडेवाल्याचा पोरगा, तुझं काय चुकलं?

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तू आलास. डिस्क बसवलीस. मी नव्या कॉम्प्युटरसारखं त्याला पुन्हा कुंकू लावलं. गाणं लावून दाखवलंस, घरभर वाजलं. मला वाटलं, आज सणाचं, आज ह्यालाही ऐकवावं. पोरगं कमावतं झालं, आता कसली लाज? मी म्हणाले, "आता बाबांचं लाव."

"कुठलं बाबांचं?"

"ते रे. त्यांच्या आवाजाचं. बीडला उस्तादांनी भरलेलं."

तू माझ्याकडं बघितलंस. मग त्या पडद्याकडं वळलास आणि शोधायला लागलास. ह्या कप्प्यात, त्या कप्प्यात. तुझी पाठ मला दिसत होती. आधी भराभर शोधत होतास, मग हळू, मग तुझा हात नुसताच तिथं राहिला. बाहेर पोरांनी फटाक्यांची माळ लावली, ती सगळी वाजून संपली तरी तू मागं वळला नाहीस. शेवटी वळलास आणि इतक्या बारीक आवाजात विचारलंस की मला ओठांवरनं कळलं, "आई, त्यात बाबा होते?"

मी म्हणाले, "असू दे. चहा टाकते." आणि आत गेले. स्वयंपाकघरात पातेलं हातात घेतलं आणि किती वेळ त्याच्या आतनं हात फिरवत उभी राहिले, तळापासनं, गोल गोल. काय शोधत होते कुणाला ठाऊक. मला वाटलं होतं, आता रडू येईल. आलं नाही. कान नुसते बाहेर लागलेले, कुणी बोलतंय का.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला तू निघालास. भाऊबीजेला मावसबहिणी येणार होत्या, त्यांना नाही थांबलास. पुण्यातनं फोन आला. दुकानदारानं डिस्क पुसून कधीच विकली होती, कुणाला ते त्यालाही सांगता येईना. तू म्हणालास, "आई, जागा होती गं. त्यात ऐंशीची जागा होती." आणि फोन ठेवलास. जागा नव्हती म्हणून राहिलं असतं तर मनाची काहीतरी समजूत घातली असती. मोहरीएवढं ते, एवढ्या मोठ्या पिंपात. जागाच जागा होती.

तू उस्तादांनाही फोन केलास, हे मला त्यांनी सांगितलं. ते इथं आले होते. तुला हे ठाऊक नाही. लांबनं एसटीनं आले, दमलेले, हातात सीताफळांची पिशवी. खुर्चीत बसायचं सोडून खाली जमिनीवरच बसले. "भाबी, मेरे पास भी नहीं. मैंने दूसरी जगह रखा होता तो..." आणि रडायला लागले. मी म्हणाले, "तुमी कावून रडता वो भाई? तुमी तर दिलं होतं." मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मुझे याद है भाबी. एक एक लफ्ज याद है. मैं बोलूं क्या?" मी मान हलवली. त्यांनी आधी घसा खाकरला. हे खाकरायचे ना, दोनदा बारीक आणि एकदा मोठ्यांदा, तसाच हुबेहूब. आणि तिथंच थांबले. सीताफळं तुझ्यासाठी ठेवली होती. तू आला नाहीस, पिकून गेली.

तू का येत नाहीस ते मला कळत नाही असं समजू नकोस. रजा नाही, काम लई आहे, गाडीचं बुकिंग मिळालं नाही. मी प्रत्येकाला हो म्हणते. अरे, तुला वाटतं तू घरात पाऊल टाकलंस की मी त्या रुमालाकडं बघणार आणि मग तुझ्याकडं बघणार. दोन दिवाळ्या झाल्या, मी आकाशकंदील एकटीनं लावते. एक आवाज गेला. तो परत येणारा नव्हताच, कधीतरी डिस्क बिघडली असती, कॉम्प्युटर जळला असता, मी गेले असते. पण त्याच्यापायी तू जाऊ नकोस. माझ्या घरात आता दोन माणसं गेल्यासारखी शांतता आहे, त्यातला एक तर जिवंत आहे ना रे?

आणि त्या आवाजात काय होतं, हे तू एकदाही विचारलं नाहीस. भीत असशील. मीही सांगितलं नाही. आता सांगते, ऐक. मला पाठ आहे, पण बघ हं, शब्द पाठ आहेत. आवाज मात्र पुसट व्हायला लागलाय. हल्ली आठवायला बसले की ते माझ्याच आवाजात बोलतात. त्याचीच मला भीती वाटते, दुसरं काही नाही.

आधी खाकरायचे. मग मागनं एक रिक्षाचा भोंगा. मग म्हणायचे:

"ऐकलं का? भांडं घेतलं गं. मोठं घेतलं. आपला साहेब म्हनतोय लहान बास, पर त्याला काय कळतंय? त्याचं लगीन व्हईल, लेकरं व्हतील, ती नाचतील, गातील, ते समदं कुटं ठिवायचं? त्याला येनाऱ्या मानसांची जागा पायजे. रिकामं न्हाई आनत. निघालो हाय. चा टाक."

मग उस्तादांचं हसणं, आणि संपलं.

बघितलंस? ते भांडं माझ्यासाठी नव्हतंच घेतलेलं. तुझ्यासाठी घेतलं होतं. तू शिकत होतास, ओठावर नीट मिशी नव्हती, तेव्हापासनं तुला साहेब म्हणायचे ते, तुझ्या पाठीमागं. तुझ्या तोंडावर कधी म्हणाले नाहीत.

तेव्हा आता तू मला विचारलंस ना केवढी घेऊ, तर त्याचं उत्तर मी कशाला देऊ, त्यांनीच देऊन ठेवलंय. घरात माणसं किती ते बघू नकोस, येणारी किती ते बघ. मग मोठी-लहान काय ते तुझं तुला समजेल. आणि नवी वस्तू घरात रिकामी नेऊ नकोस. साखर टाकू नकोस म्हणजे झालं, उस्ताद रागावतील.

आणखी एक. हे मी तुला कधी सांगणार नव्हते, कारण सांगितलं की तू जाणूनबुजून करायला लागशील आणि मग त्यातली मजा जाईल. रविवारी तुझा फोन येतो. मी "हॅलो" म्हणते. तू बोलायच्या आधी घसा खाकरतोस. दोनदा बारीक, एकदा मोठ्यांदा. तुला माहीतच नाही तू असं करतोस. मी त्या वेळी मुद्दाम पुन्हा "हॅलो, हॅलो" म्हणते, ऐकू येत नाही असं दाखवते. म्हणजे तू परत खाकरतोस. तू म्हणतोस, "आई, तुझा फोन बदलायला पाहिजे." नको रे बाबा बदलू. चांगलं ऐकू येतं मला.

पण फोनवरनं ऐकलं की पोट भरत नाही. ते दारातनं यायला पाहिजे. आधी खाकरणं, मग चपला काढल्याचा आवाज, मग हाक. कॉम्प्युटर घे, नको घेऊ, मोठा घे, लहान घे. तो घेऊन ये नाहीतर रिकाम्या हातानं ये, तुला ती साखरेची रीत माफ. दिवाळीपर्यंत थांबू नकोस. या शनिवारीच एसटीत बस. पाटोद्याला उतरलास की स्टँडवरनं सरळ घरी ये आणि दारात उभा राहून म्हण, "आई, चहा टाक." मी टाकलेलाच असेल. लवकर ये.